मला म्हणे खाणाऱ्यांत धरलंय

नातवाने मला देशावरचा भार ठरवलं. तेही घरात पापडाचं पीठ भिजलेलं असताना, व्हिडिओ कॉलवर. नमस्कार-चमत्कार नंतर... आधी हे ऐका.

आमचा रोहन पुण्यात बँकेत आहे. परवा मला समजावत होता, आजी, कमावती माणसं जास्त आणि म्हातारी-पोरं कमी असली की देश भराभर पुढे जातो. सध्या आपला देश तरुण आहे. म्हटलं, आणि मी कशात? तर म्हणे, साठीच्या वरचे सगळे खाणाऱ्यांत... हिशोबात तसंच धरतात, तू मनाला लावून घेऊ नको.

फोन ठेवून गल्लीत पाहिलं. चाळीसगावच्या आमच्या गल्लीत हा तरुण देश काही दिसेना. पोरं पुण्याला, सुरतेला, एक तर पार दुबईला. उरलो आम्ही.

आमच्याकडे उडदाचे पापड एकट्या बाईचे नसतात. आज माझ्याकडे, उद्या शेजारी, सगळ्या जणी मिळून लाटतो. पण आधी ते घट्ट पीठ मुसळाने कुटून मऊ करावं लागतं, आणि त्याला मनगट लागतं. पूर्वी सुना-पोरी कुटायच्या. यंदा कमलबाईचा गुडघा, शेवंताबाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, माझा खांदा... दुपारपर्यंत कुटलं नाही तर पीठ वाळतं, पापड फाटतात. पुण्या-सुरतेची सगळी घरं वर्षभर याच पापडांवर असतात.

गेले मारुतीच्या पारावर. तिथे आमची पेन्शनर मंडळी सकाळपासून देश चालवत बसलेली असते. म्हटलं, उठा, पीठ कुटायचंय.

एसटीच्या ड्रायव्हरकीतून रिटायर झालेले भिका नाना म्हणाले, "अक्का, मना खांदा दुखी ऱ्हायना." नानांचा खांदा दुखायला लागला, तर बाकीच्यांना एकदम बीपी झाला. एक आबा म्हणाले, "बायकांच्या कामात आम्ही कसं?" म्हटलं, "खाताना कधी विचारलं नाही ते."

मग मी घरोघर सांगून टाकलं, जो कुटणार नाही त्याला आज चहा नाही. बायकांनी मान डोलावली... थोड्याच वेळात पार रिकामा.

नानांनी पहिला घाव असा घातला की पीठ मिशीला लागलं. मागून आबा म्हणतात, "नाना, ब्रेक मारा, उतार आहे." हसून हसून आमची लाटणी हातातून सुटायची वेळ आली. पण पीठ असं मऊ झालं की सुनांनीही केलं नसतं... नानांचा दुखरा खांदा कुठे गेला, त्यांनाच ठाऊक. कुटणारे भार, लाटणारे भार, आणि गच्ची पापडांनी भरलेली.

रोहनला फोटो पाठवला. त्याने अंगठा दाखवला आणि पार्सल कधी निघतंय विचारलं.

मी उलट विचारलं, तुला एकच मुलगी. दुसरं नको म्हणतोस, त्यात मी पडत नाही. पण हा तरुण देश तुझ्याबरोबरच म्हातारा होणार ना? तुझी पोर उद्या कुठे लांब गेली, तर तुझं पीठ कोण कुटेल? मी निदान चहा बंद करू शकले... तुझ्याकडे तर माणसं गोळा करायला पारही नाही, नुसती लिफ्ट आहे.

निळ्या खुणा आल्या, म्हणजे वाचलंय त्याने.

आता पापड खडखडीत वाळलेत, डबा बांधून तयार आहे. उत्तर आल्याशिवाय तो हलणार नाही. आणि ते रोहननेच द्यायचं... त्याची बाजू घेऊन त्याच्या आईने मध्ये बोलायचं नाही.