हार्डली म्हणजे कडक

आमच्या घरात इंग्रजी येणारा मी एकटाच होतो, आणि त्याबद्दल घरच्यांनी मला अजून माफ केलेलं नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी मालवणात नुकताच बी.ए. झालो होतो (तिसऱ्या वर्गात, पण झालो होतो!). त्याच सुमारास बंदराच्या कामावर वेंकटय्या नावाचे इंजिनियर बदलून आले आणि आमच्या माडीवरच्या खोलीत राहू लागले. जेवणही आमच्याकडेच. माणूस आंध्रातल्या गुंटूरचा. मराठी शून्य, हिंदी त्याहून कमी. साहजिकच दुभाषी म्हणून माझी नेमणूक झाली.

पहिल्याच दुपारी आईने बांगड्याचं सार वाढलं. त्या सारासाठी अर्धी आळी वाडगी घेऊन दारात यायची, त्यामुळे ती निर्धास्त होती. साहेबांनी घास घेतला, जरा विचार केला आणि म्हणाले, "हार्डली स्पायसी!"

"काय म्हणता रे तो?" आईने विचारलं.

हार्ड म्हणजे कडक, हे कुठल्याही पदवीधराला ठाऊक असतं. मी बेधडक सांगितलं, "कडक तिखाट झाला म्हणता."

"अरे देवा! परमुलखातलो माणूस, जीभ भाजली आसतली!" आई हळहळली आणि दुसऱ्या दिवशी तिने मसाला निम्मा केला.

साहेबांनी चाखलं. "स्टिल हार्डली स्पायसी."

"अजून कडक!" मी.

मसाला नखाएवढा झाला. साहेबांचा आवाज रडवेला झाला. "हार्डली एनी चिली, अम्मा!"

"मिरची कडक आसा म्हणता."

"चिमटीभर घातलंय रे!" आई कडाडली. "ह्याची जीभ काय लोण्याची आसा?"

शेवटी सारात उरलं खोबरं, कोकम आणि मीठ. चूल एकच, तेव्हा तेच आमच्याही ताटात! बाबांनी वाटीत बोट बुडवून पाहिलं.

"अगो, ह्या सार आसा की बांगड्याच्या आंघोळीचा पाणी?"

"झिलाक इचारा! त्याका इंग्लिश येता!"

अशातच एका सकाळी आई मागीलदारातून धावत आत आली. "अरे, वाळत घातलेल्यो मिरसांगो खाता तो! सुक्यो! कचाकचा!"

माणूस सुक्या मिरच्या चावून खातोय म्हटल्यावर दुसरा कुणीही सावध झाला असता. पण मी पदवीधर! "औषध आसतला, आये," मी शांतपणे म्हणालो.

त्या रात्री साहेबांनी दोन घास घेतले आणि हात जोडले. "सॉरी, अम्मा. फूड इज हार्डली एडिबल."

एडिबल म्हणजे खाण्याजोगं, एवढं मला येत होतं. म्हणजे कडक खाण्याजोगं! "आये, झकास झाला म्हणता! जमला तुका!"

आईचा चेहरा उजळला. तिने आणखी दोन डाव सार त्यांच्या भातावर ओतलं. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आवशीची आठवण इली बिचाऱ्याक," आई गहिवरून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बिचारा बॅग घेऊन जिन्याखाली उभा! कसालला खोली बघितली होती म्हणे. रोज एसटीने एवढ्या लांबून येईन, पण इथे जेवणार नाही! आई हबकलीच. तिच्या हातचं जेवण टाकून आजवर कुणी गेलं नव्हतं. तिने मला बाजूला सारलं, साहेबांना मनगटाला धरून थेट चुलीपुढे नेलं आणि विचारलं, "काय व्हया तुका? दाखय!"

हे मात्र त्यांना भाषांतराशिवाय कळलं. त्यांनी फळीवरची मसाल्याची बरणी काढली आणि मूठभर मसाला उकळत्या सारात टाकला. आम्ही ठसकत परसात पळालो. परत आलो, तर साहेब जेवत होते. नाक लाल, कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर परमानंद! "अम्मा!" एवढंच म्हणून त्यांनी ताट पुन्हा पुढे केलं. बाबांनीही आपली वाटी सरकवली आणि साहेबांची बॅग स्वतः माडीवर नेऊन ठेवली.

मी गुपचूप डिक्शनरी उघडली. हार्डली म्हणजे जेमतेम, नसल्यात जमा. आईला सांगावंच लागलं.

"मगे तू बी.ए. कसो झालंस?" आईने विचारलं.

"जेमतेम."

माझी नोकरी गेली. त्यानंतर आई मालवणीत बोलायची, साहेब तेलुगूत, आणि घरात एकदाही घोटाळा झाला नाही! पुढे तर साहेब मासळीबाजारात मालवणीतून भांडू लागले.

त्यांची बदली झाली तेव्हा आईच्या पाया पडून म्हणाले, "येतंय हां, आये. तुझ्या हातचा जेवाण विसरूचंय नाय." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून ते इंग्रजीत काहीतरी बोलले. अगदी सावकाश, बालवाडीतल्या पोराशी बोलावं तसं, एकेक शब्द सुटा करून.

मी सांगण्यासाठी तोंड उघडलं, तोच आई घाईघाईने मध्ये पडली.

"साहेबांनू, काय म्हणालात ता तुम्हीच माका सांगा. ह्येका इचारूक माका भय वाटता!"