अप्पांचं कोपर

आमचे अप्पा एका जागी पाच मिनिटं गप्प बसले, तर काकू आधी त्यांच्या कपाळाला हात लावून बघते. जेवताना तीनदा उठतील, टीव्हीसमोर उभ्याने बातम्या बघतील, बसमध्ये जागा मिळाली तरी दांड्याला धरून उभे राहतील. हे माझे सख्खे चुलते रंगराव, वय सदुसष्ट, मूळचे वाघोलीचेच. शेतांवर इमारती आल्या, पण अप्पांच्या ओसरीवर रविवारी आणि बुधवारी अजूनही रांग लागते. ते हाडवैद्य. पैसे घेत नाहीत, फक्त नारळ घेतात. बापाने शिकवलेली विद्या विकायची नाही, हा त्यांचा नेम.

मी उत्कर्षा, फिजिओथेरपिस्ट. विश्रांतवाडीत माझं क्लिनिक आहे. एकाच घराण्यातले आम्ही दोघं लोकांची हाडं धरून बसलोय आणि आमचं कधी पटलं नाही. तरी खोटं कशाला बोलू? निखळलेला खांदा अप्पा असा बसवतात, की समोरच्याची किंकाळी अर्ध्यातच राहते. मी कॉलेजात सांगाड्यासमोर उभी राहून दोनशे सहा हाडांची नावं घोकली. अप्पांना त्यातलं एक नाव सांगता यायचं नाही, पण बोटं फिरवली की कुठलं हाड कुठे सरकलंय ते बिनचूक सांगतील.

तर ऑगस्टमध्ये नगर रोडला पाण्याचा टँकर चुकवताना अप्पा स्कूटरवरून पडले आणि त्यांचंच उजवं कोपर निखळलं. हॉस्पिटलात ते बसवलं, प्लास्टर घातलं, दोन आठवड्यांनी काढलं. डॉक्टरांनी बजावलं, की हात आपला आपण हळूहळू हलवायचा. तेल नाही, चोळणं नाही, दुसऱ्याने ओढणं तर अजिबात नाही. अप्पा लगेच "हो, हो" म्हणाले. एवढ्या पटकन म्हणाले तिथेच मला कळायला हवं होतं.

त्यांना काळजी एकच होती. "उत्कर्षा, घास तोंडाशी जाईल ना? पंगतीत डाव्या हातानं जेवायची पाळी आली, तर मी लग्नाकार्याला जायचा न्हाई."

"जाईल," मी म्हटलं. "पण त्याला वेळ द्या."

मी माझाच हात पुढे करून समजावलं. कोपर म्हणजे बिजागरी. वर दंडाचं एक हाड, खाली दोन. हात वाकवायला पुढची बेटकुळी ओढते, सरळ करायला दंडामागचा स्नायू ओढतो. स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना लागतात. "आणि अप्पा, बेटकुळीच्या खाली, थेट हाडाला चिकटून, अजून एक स्नायू आहे. कोपर निखळलं की तो फाटतो, आत रक्त साकळतं. त्याला चोळत बसलात, तर शरीर त्या मांसातच हाड घडवायला लागतं."

"मांसात हाड?" अप्पा खो खो हसले. "अगं, पन्नास वर्षं लोकांची कोपरं चोळतोय मी. तू मला शिकवती व्हय?"

घास तोंडाशी न्यायचा, तर कोपर साधारण एकशेतीस अंश वाकावं लागतं. प्लास्टर काढलं तेव्हा नव्वद होतं. मी एक दिवसाआड कोनमापक लावायची. त्र्याण्णव आलं, शहाण्णव आलं. अप्पा ओसरीपासून फाटकापर्यंत फेऱ्या मारत, येणाऱ्याजाणाऱ्याला हात वाकवून दाखवत. मग एके दिवशी नव्वद आलं. मला वाटलं, मीच चुकले. पुढच्या खेपेला ऐंशी. क्लिनिकमध्ये दुसऱ्यांचे गुडघे वाकवताना माझ्या डोक्यात तो ऐंशीचा आकडा फिरत होता. हात आखडतोय कशाने, तेच कळेना.

शुक्रवारी मी अवेळी गेले आणि दारातच निर्गुडीच्या तेलाचा वास आला.

"अप्पा, तेल लावलंत?"

"न्हाई."

काकू, आनंदीबाई, आयुष्यभर नवऱ्यापुढे ब्र न काढलेली बाई, भाजी निवडता निवडता म्हणाली, "रोज पहाटे लावतात. दारात कोपर अडकवून ओढतात. कळ आली की तोंडात टॉवेल धरतात."

माझं डोकंच फिरलं. "लाज वाटत नाही? अहो, दुसरा कुणी असता तर म्हटलं असतं अडाणी आहे! स्वतःच्या हाताने स्वतःचा हात घालवताय!"

"मला बसवत न्हाई गं!" अप्पा ओरडले. "हात नुसता मांडीवर ठेवून बसायचं, म्हंजी काय इलाज झाला?"

दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला. दंडाच्या हाडासमोर, जिथे नुसतं मांस असायला हवं, तिथे पांढरा ढग दिसत होता. अप्पांनी फिल्म खिडकीशी धरली. मग डाव्या हाताची बोटं उजव्या कोपरात घालून दाबत राहिले. मी सांगत होते, की आता हात लावू नका, वर्षभराने ऑपरेशनचं बघता येईल. ते ऐकतच नव्हते.

"ही गाठ माझ्या बोटांना ठाऊक हाय," ते म्हणाले. "कितीक कोपरांत लागली. मला वाटायचं, नस धरलीय. मी जास्तच रगडायचो."

मी फिल्म पाकिटात घालायला घेतली.

ते चपला घालून निघालेसुद्धा. मी मागे धावले. दोन गल्ल्या सोडून दशरथची पिठाची गिरणी आहे. बावीस वर्षांपूर्वी तो ट्रॉलीवरून पडला, तेव्हा त्याचं कोपर अप्पांनी हाताळलं होतं. तेव्हापासून त्याचा उजवा हात काटकोनात अडकलाय. अप्पा उंबऱ्यातूनच म्हणाले, "दशा, गिरणी बंद कर."

त्याने बटण दाबलं.

"तुझा हात मी घालवला. चोळून चोळून."

दशरथ ओशाळा होऊन हसला. "काय बी काय वैद्य! चूक माझी. तुम्ही तीन महिने चोळ म्हणला व्हता. मला कळ सोसंना, म्या दीडच महिन्यात सोडलं आन् तुम्हाला चोळतोय म्हणून खोटं सांगितलं."

"सोडलंस म्हणून एवढा तरी राहिला," अप्पा म्हणाले. "चोळत बसला असतास, तर आणखी आखडला असता."

मला वाटलं, आता हा शिव्या देणार. द्यायलाच हव्या होत्या. दशरथने आपला अडकलेला हात पुढे धरून बघितला.

"म्हंजी माझा आळस नव्हता?"

"नव्हता."

"माझ्या बापाला सांगायला पायजे व्हतं, वैद्य," दशरथ म्हणाला. "मरस्तोवर मला आळशी म्हणून गेला."