लेकीला विचारलेला पुरवणी प्रश्न

बुधवारी सकाळी सात वाजले, की मी अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या आमच्या किचनमध्ये आयपॅड पोह्यांच्या डब्याला टेकवते आणि लंडनची पार्लमेंट लावते. तिकडे तेव्हा दुपारचे बारा. आठवड्यातून एकदा खासदार पंतप्रधानांना उभं करून प्रश्न विचारतात. "सकाळी सकाळी कसला हा आरडाओरडा!" नवरा कुरकुरतो. कुरकुरू दे. आमची एकुलती एक लेक तिथल्या एका खासदारबाईंच्या ऑफिसात प्रश्न लिहून देते. शिकायला म्हणून गेली ती तिकडेच राहिली, सहा वर्षं झाली.

त्या बाईंचा नंबर क्वचित लागतो. लागला, की लेकीचं वाक्य त्यांच्या तोंडून ऐकताना मला त्या बाईंचा हेवा वाटतो. कुणीतरी रोज तिच्या शेजारी बसतं, आणि ते मी नाही.

तिथल्या पार्लमेंटची पद्धत मोठी मजेशीर. पहिला प्रश्न ठरलेला: आज पंतप्रधानांचे कार्यक्रम काय? खरा प्रश्न त्यामागून येतो, पुरवणी म्हणून, आणि तो आधी कळवायचा नसतो. मग पंतप्रधान ऐटीत उठतात, टोमणे मारतात, मागची मंडळी खिदळतात, आणि उत्तर सोडून बाकी सगळं बोलून होतं. "अगं, मग विचारता कशाला मेलं?" मी एकदा लेकीवर चिडले. ती म्हणाली, "उत्तर देत नाहीत, हे लोकांना दिसावं म्हणून, आई."

रविवारच्या फोनवर मीही तेच करायचे. काय जेवलीस, कुठे गेली होतीस, आणि मग हळूच, "परत कधी येणार गं?"

"लेट्स सी, आई." "लीज संपू दे." "इलेक्शन होऊ दे." सहा वर्षं हेच. तिच्या खोलीत ट्रेडमिल ठेवू या म्हणणाऱ्या नवऱ्याशी मी दोन दिवस बोलले नव्हते.

गेल्या रविवारी माझा धीर सुटला. तिने फोन उचलताच म्हटलं, "हो की नाही, एवढंच सांग. इकडे राहायला येणार आहेस का कधी?"

ती अगदी हळू म्हणाली, "नाही गं आई. माझं घर आता इथे आहे."

"बरं झालं सांगितलंस," मी म्हटलं. साफ खोटं. मला हे ऐकायचंच नव्हतं. तिने मला आणखी दहा वर्षं टोलवत ठेवलं असतं, तरी चाललं असतं.