थाळीकाकूंची तपासणी

आमच्या मनीषनगरच्या इमारतीत एखादं बाळ बसायला लागलं, की थाळीकाकू दारात हजर. एका हातात काठाला पोचे पडलेली स्टीलची थाळी, दुसऱ्या हातात वरणाचा डाव. बाळाला सतरंजीवर बसवायचं, घरच्यांनी समोर उभं राहायचं आणि काकूंनी बाळाच्या मागे जाऊन थाळीवर डाव हाणायचा. बाळाने मान वळवली की निकाल तिथल्या तिथे. "कान तं एकदम फस्ट क्लास आहेत गा. चहा टाक." या निकालावर अपील नव्हतं. एका घरी बाळाचा काका डॉक्टर होता, तोही मुकाट्याने चहा टाकायला गेला.

काकू मूळच्या उमरेडच्या, विणकराच्या घरच्या. घरात चार माग, दिवसभर खटखट. तिथे बोलायचं तर ओरडावं लागे, नाहीतर समोरच्याच्या तोंडाकडे पाहून समजून घ्यावं लागे. काकू दोन्ही शिकल्या होत्या. त्यांनी कानात सांगितलेली गुपितं पार्किंगमधल्या चौकीदाराला आधी कळत.

आमची जुई जन्मली तेव्हा दवाखान्याने एक कागद दिला होता. कानाची तपासणी नीट आली नाही, महिनाभराने पुन्हा आणा, असं त्यावर लिहिलेलं. मी तो जपून फाइलीत लावला आणि फाइल जपून कपाटात ठेवली. जुई दहा महिन्यांची झाली तेव्हा माझ्या बायकोला, वैशालीला, शंका यायला लागली. हाक मारली तरी पोरगी बघत नाही, असं ती रोज म्हणायची. मी कॉलेजात मुलांना ध्वनी हा धडा शिकवतो. अशा माणसाने काय करावं? मी थाळीकाकूंना बोलावलं.

थाळी वाजली, जुईने झटकन मागे वळून पाहिलं. वैशालीचा चेहरा उजळला. काकूंनी माझ्याकडे पाहून शेरा मारला, "बायकोले सांग, उगाच डोकं नको खाऊ. पोरगी बापावर गेली. मनात असलं तं आयकते." मी खूश होऊन कपाटाला कुलूप लावलं.

पुढचे नऊ महिने जुई एक शब्द बोलली नाही. मुली उशिरा बोलतात, मुलं उशिरा बोलतात, संत्र्याच्या दिवसांत जन्मलेली उशिरा बोलतात, असं प्रत्येक नातेवाइकाने आपापलं शास्त्र सांगितलं. शेवटी एका दुपारी वैशालीने मला स्वयंपाकघरात पाठवलं, दार लावलं आणि एकटीने जुईच्या मागे उभं राहून थाळी वाजवली. समोर कोणी नव्हतं. जुई ठोकळे रचत राहिली. वैशालीने पुन्हा वाजवली, पुन्हा. मग दार उघडून ती एवढंच म्हणाली, "त्या दिवशी आवाज झाल्यावर आपण दचकलो. ती आपल्याला बघून वळली."

मग बेरा नावाची तपासणी झाली. तीत बाळाला झोपवतात, डोक्याला तारा चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि मेंदू उत्तर देतो का ते मशीनवर पाहतात. झोपेत कोणाचं तोंड बघता येत नाही. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, असं निघालं. परतताना मला माझी लाज वाटत होती, आजही वाटते.

काकू आठ दिवस फिरकल्या नाहीत. नवव्या दिवशी आल्या, थाळीशिवाय. त्या दिवशी आपण थाळी वाजवली तेव्हा पोरगी किती महिन्यांची होती, असं त्यांनी विचारलं. वैशालीने सांगितलं. काकूंनी बोटांवर मोजलं आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज दाराबाहेर गेला नाही. "नऊ महिने खाल्ले वं मी तिचे." मग त्या उठल्या, जुईच्या मागून फिरून समोर आल्या आणि जमिनीवर बसल्या. त्यानंतर त्या जुईशी कधीच मागून बोलल्या नाहीत.

जुईच्या कानाला मशीन लागलं, बोलायचं शिकवणाऱ्या बाई मिळाल्या आणि आम्ही घरात हातांच्या खुणाही शिकायला लागलो. यावर इमारतीची सभा भरायचीच बाकी होती. खुणा केल्या तर पोरगी कधी बोलणार नाही, हे ज्यांना लिफ्टचं बटण कळत नाही त्यांनाही ठाऊक होतं. काकूंनी जिन्यात उभं राहून सगळ्यांना गप्प केलं. "तुम्ही सारे हात हलवूनच भांडता ना? मंग तिनं हातानं बोललं तं काहून दुखते?" काकू स्वतः खुणा शिकल्या, पण त्यांतल्या निम्म्या आपल्याच मनाने बनवलेल्या. भाताची खूण करून त्या चप्पल मागत. जुई त्यांचे हात धरून दुरुस्त करायची.

काकूंनी तपासण्या मात्र सोडल्या नाहीत. थाळी वाजवायच्या आणि वर बजावायच्या, "वळलं तरी मशीनवर तपासून या." आणि जुईचं बहिरेपण आपणच पकडलं, असं त्या सीताबर्डीच्या दुकानदारांनाही सांगत. आम्ही कधी खोडून काढलं नाही.

जुई नऊ वर्षांची झाली तोवर काकूंच्या टीव्हीचा आवाज तीन मजले ऐकू येत होता. कान तपासू म्हटलं की त्या भडकत. त्यांचा मुलगा काटोलहून आला तेव्हा त्यांनी फर्मान काढलं, "माही थाळी आणा. पोरगी वाजवंल."

काकू खुर्चीवर, मुलगा आणि आम्ही दोघं समोर, जुई मागे. थाळीवर डाव पडला. काकूंनी ऐटीत मान वळवली. मुलाने सुटकेचा श्वास सोडला. मी एकदा सोडला होता, अगदी तसाच. जुईने थाळी खाली ठेवली, काकूंच्या समोर येऊन बसली आणि हातांनी आणि तोंडाने, दोन्हींनी सावकाश म्हणाली, "खोटं. तू यांचे डोळे पाहिले. शाळेत मी रोज तेच करते."

मग तिने आम्हा तिघांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मागे थाळी वाजली. पुन्हा वाजली. खुर्ची करकरली नाही. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा मला भिंत नीट दिसेनाशी झाली.

आम्ही वळलो तेव्हा जुई पुन्हा काकूंसमोर बसली होती. तिने खूण केली: उद्या मशीन, मी सोबत येते. काकूंनी बराच वेळ तिचे हात आपल्या हातात धरून ठेवले. "पकडलं वं मले," त्या म्हणाल्या. "पण खाली कोणाले सांगू नको."

काकू गेल्या वर्षी मुलाकडे काटोलला गेल्या आणि तिथेच वारल्या. थाळी त्यांनी जुईला देऊन ठेवली होती. इमारतीत बाळ झालं की आता लोक जुईला बोलावतात. ती थाळी नेत नाही. दारातच हात पुढे करते आणि विचारते, "दवाखान्याचा कागद कुठे आहे?"