धुरी न दिलेलं बाळ

माझी धाकटी बहीण गेली त्याला आता दोन वर्षं होतील. दम्याने गेली. हे वाक्य मला फार दिवस लिहिता येत नव्हतं. आता लिहिते आहे, कारण मधल्या काळात तिच्या मुलीचं बाळंतपण मी केलं आणि त्या दिवसांत काही गोष्टी ठरवल्या. त्या का ठरवल्या, हे नीट मांडून ठेवायला हवं.

भाचीला माहेर म्हणून आता मीच उरले होते. तेलगावच्या घरात मी आणि माझी विधवा काकू अशा दोघीच राहतो. मी शाळेत शिकवते, काकू एक गाय आणि दोन शेळ्या सांभाळते. भाचीला मुलगी झाली. दवाखान्यातून त्यांना घरी आणण्याआधीच मी खोली फिनाईलने तीनदा पुसली, गोधड्या उकळत्या पाण्यात घातल्या, पाय धुतल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडायचा नाही असं बजावलं. पडवीत शेळीची लेंडी दिसली तरी माझा जीव खाली-वर व्हायचा. बहिणीच्या छातीतली शिट्टी माझ्या कानांतून गेलेली नव्हती. ती या बाळाच्या छातीत येऊ द्यायची नाही, एवढंच मनात होतं.

घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी काकूने बाळाला न्हाऊ घातलं आणि खापरात गोवरीचा निखारा घेऊन आली. वर ओवा आणि लसणाची सालं टाकली. आमच्याकडे न्हाऊन झालं की बाळाला या धुरावर धरतात. त्यालाच धुरी म्हणतात.

"काकू, ते नको," मी म्हणाले.

"काय नको?"

"धूर. हिच्या आजीला दमा होता. हिच्या आईला धुळीने शिंका येतात. या पोरीला धूर नको."

"लई शिकलीस. अगं, तुला बी मीच धुरी दिलती, ह्याच खापरात. कधी साधी शिंक तरी आली का तुला?"

बाजेवरून भाची हळूच म्हणाली, "आणि आईला, आजी?"

काकूने खापर खाली ठेवलं. निखाऱ्यावर राख ओढत ती बाजेशेजारी टेकली.

"तिला न्हाई दिली. ती हितं झालीच न्हाई. ती कॉलनीत झाली, फरशीवर वाढली. म्हणून तर झालं तिला."

हे खरं होतं, निदान अर्धं. वडिलांना माजलगावला धरणावर नोकरी लागली तेव्हा मी सहा वर्षांची होते. तोवर मी याच गोठ्यात रांगले होते, वासराच्या तोंडाला तोंड लावलं होतं, माती खाल्ली होती. बहीण नंतर क्वार्टरमध्ये जन्मली. सातव्या वर्षी तिला धाप लागायला लागली, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी एकच उपाय काढला: पोरीला गोठ्याची सवय लावा, अंग घट्ट होईल. एका उन्हाळ्यात तिला गोठ्यात झोपवलं. कडब्याशेजारी तिची गोधडी मीच अंथरली होती. आठव्या दिवशी तिला बसल्या जागी श्वास घेता येईना, तेव्हा वडील तिला उचलून माजलगावला घेऊन गेले.

मी काकूला म्हटलं, "मग गोठ्यात आणलं तेव्हा ती बरी का नाही झाली?"

काकू उठली आणि खापर बाहेर घेऊन गेली.

बाळाला लस द्यायला माजलगावला गेलो, तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना धुरीचं आणि गोठ्याचं, दोन्ही विचारलं. त्यांनी न हसता ऐकून घेतलं. म्हणाल्या, जन्मल्यापासून गुरांच्या, मातीच्या सहवासात असलेल्या मुलांना ॲलर्जी कमी होते असं पुष्कळ ठिकाणी दिसतं. नाना प्रकारच्या निरुपद्रवी जंतूंशी ओळख झाली की शरीर उगाच धुळीशी, परागांशी भांडत नाही. पण ती ओळख पहिल्या काही महिन्या-वर्षांतली. एकदा दमा जडला की तोच गोठा घातक ठरतो. आणि खात्री कुणालाच देता येत नाही. धूर मात्र कधीच चांगला नाही. कच्चं दूधही नाही. "आणि बाई, ते फिनाईल एवढं कशाला?"

घरी येऊन मी फिनाईलची बाटली संडासात नेऊन ठेवली. मला ते सोपं गेलं नाही. एका घरातल्या दोन बहिणींवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. तरीही खोली बंद करून मी माझी भीती सांभाळत होते, बाळाला नाही.

संध्याकाळी काकूला म्हणाले, "उद्यापासून न्हाऊ झालं की हिला गाईजवळ घेऊन बसत जा. धुरी नाही, आणि कडबा झाडताना तिथं थांबायचं नाही."

"आन् पाय धुऊ का आधी?" काकूने विचारलं.

"हात धू."

"बरं, मास्तरीणबाई."

तेव्हापासून ते बाळ गोठ्याच्या दाराशी काकूच्या मांडीवर वाढलं. शेळीने त्याचं टोपडं एकदा अर्धं खाल्लं. डासांसाठी काकू अजूनही गोठ्यात धूर करते, पण आधी बाळ आत नेलं आहे का ते बघते.

सहाव्या महिन्यात भाची शहरात, सासरी निघाली. पिशव्या भरता भरता म्हणाली, "मावशी, चौथ्या मजल्यावर गाय कुठून आणू?"

"गाय नको. हिला खाली बागेत मातीत बसव. लस चुकवू नको. घरात धूप नाही, विडी नाही."

"सासरे विडी सोडायचे नाहीत."

"सोडू नका म्हणावं. गॅलरीत ओढा म्हणावं."

"मी नाही सांगू शकत त्यांना."

"मग मी येते," मी म्हणाले, आणि शाळेत दोन दिवसांच्या रजेचा अर्ज टाकून त्याच गाडीत बसले.