चार हजार रक्तदाते कुणी पुसले

रक्तपेढीच्या संगणकातली चार हजार रक्तदात्यांची यादी एका दुपारी साफ उडाली, आणि संगणकवाल्या साहेबांनी सगळ्यांदेखत नोंदणीच्या बाईंकडे बोट दाखवलं. बावीस वर्षांची खुर्ची गेली. बाई तळघरात रिकाम्या पिशव्यांवर चिठ्ठ्या चिकटवू लागल्या.

त्या रडल्या नाहीत. त्यांनी डूख धरला.

जुन्या पुस्तकांच्या दुकानातून त्यांनी डेटाबेसचं जाडजूड पुस्तक आणलं. पहिली चाळीस पानं डोक्यावरून गेली. धाकटे दीर बस डेपोत गाड्यांच्या नोंदींचा डेटाबेस सांभाळायचे. दर रविवारी बाई पुस्तक काखेत मारून त्यांच्या दारात हजर.

"वहिनी, या वयात कुणाचा जीव घ्यायचाय?" दिरांनी विचारलं.

"एकाचाच," म्हणत त्यांनी पान उघडलं.

दिरांनी पहिली शिस्त लावली ती पुसण्याची. आधी कोणत्या नोंदी हव्यात ती अट लिहून त्या नुसत्या बघायच्या, मगच पुसायच्या. अट लिहायची राहिली तर सगळंच जातं.

बाईंच्या हातातला चहा तसाच राहिला. असा हुकूम कुणी दिला ते कुठे कळतं, असं त्यांनी विचारलं. सर्व्हरवर, दीर म्हणाले. नाव, तारीख, वेळ, सगळं राहतं.

पाच महिन्यांनी मासिक बैठकीत बाई उभ्या राहिल्या. रक्तपेढीच्या मोठ्या डॉक्टरांकडे त्यांनी सर्व्हरवरच्या हुकमांच्या नोंदी फक्त बघण्याची परवानगी मागितली. कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी एका बोटाने तीन ओळी टाइप केल्या. पडद्यावर त्या दुपारचा हुकूम आला. दोन वाजून सतरा मिनिटं, अट नाही, नाव साहेबांचं.

साहेब जवळ येऊन पुटपुटले, "बाई, चूक होते माणसाच्या हातून. आपसात मिटवू."

"माझी असती तर मिटवली असतीत?" बाई म्हणाल्या, आणि कागद छापून डॉक्टरांच्या हातात दिला.

खुर्ची परत मिळाली. साहेब तळघरात बसून जुन्या कार्डांवरून यादी पुन्हा भरू लागले. तपासणी बाईंकडे होती. फोनचा एक आकडा चुकला तरी त्या सबंध गठ्ठा परत पाठवत.

"वहिनी, आता सोडा त्याला," एका रविवारी दीर म्हणाले. "पार वाळलाय म्हणे."

बाईंनी खरंच विचार करून पाहिला. दया येईल असं त्यांनाही वाटलं होतं. ती आली नाही.

"एकोणीसशे नोंदी राहिल्यात अजून," त्या म्हणाल्या.