शेवाळेबाईंचं छप्पर

कोणतंही परिपत्रक आलं की शेवाळेबाई ते उभ्यानेच वाचायच्या आणि शेवटी एकच प्रश्न विचारायच्या, "यात पोर कुठं हाय?" परिपत्रक दिल्लीचं असो की मुंबईचं, पोर काही सापडत नसे. मग चष्मा काढत म्हणायच्या, "आसू द्या. सरकार मोठं हाय, ल्हान गोष्टी कुठवर बघंल?"

शिरूर तालुक्यात, भीमेकाठच्या एका वस्तीवर आमची चौथीपर्यंतची शाळा. बाई मुख्याध्यापिका आणि मी त्यांच्या हाताखालचा एकुलता एक शिक्षक. बाई मूळच्या खुटबावच्या. वर्गात पुस्तकी बोलायच्या, वर्गाबाहेर घरचं. पोरांनी पहिलीपासून कोणती भाषा शिकावी, याची एका सरकारला काळजी; पुस्तकं कुणाच्या नमुन्याची असावीत, याची दुसऱ्याला. दोघांनाही रोज माहिती हवी, पण वेगवेगळ्या ॲपवर. एवढी दोन-दोन सरकारं जीव लावत असताना आमची पोरं नशीबवानच म्हणायची.

एप्रिलात वादळ झालं आणि हे नशीब उघड्यावर आलं. मोठ्या खोलीचे पत्रे उडून शेजारच्या उसात पडले. मी आणि बाई तालुक्याला गेलो. तिथले साहेब म्हणाले, "ती खोली केंद्राच्या योजनेतली. आम्हाला हात लावता येत नाही." केंद्राची योजना बघणारे साहेब त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. त्यांनी चहा पाजला आणि प्रेमाने समजावलं, "दुरुस्ती राज्याकडे येते, बाई. शिक्षण समवर्ती सूचीत आहे ना, म्हणजे विषय दोघांचाही."

"आत्ता कळलं," बाई म्हणाल्या. "दोन घरचा पाव्हना उपाशी."

साहेब मनापासून हसले. टोमणा खालच्या मजल्याला आहे, असं त्यांना वाटलं.

बाईंनी वर्ग बुद्धविहारात हलवला. तिथल्या मंडळींनी झाडून, सतरंज्या टाकून, पाणी भरून ठेवलं. पण दुसऱ्या दिवशी निम्मी पोरं आलीच नाहीत. बाई तडक आप्पांच्या ओट्यावर गेल्या. आप्पा म्हणजे वस्तीवरचे मोठे बागायतदार. त्यांनी मान हलवल्याशिवाय तिथं काही हलत नसे.

"आप्पा, नात का न्हाई आली?"

"बाई, देवळात बसवा की. तिथं कशाला?"

"देऊळ पुरत न्हाई. आन् 'तिथं कशाला', ह्ये तुम्हीच तिला जवळ बसवून सांगा. मला त्यो धडा शिकवता यायचा न्हाई."

बाईंनी चहालाही न थांबता पायात चपला घातल्या. सकाळी आप्पा स्वतः नातीला विहाराच्या दारात सोडून गेले आणि तिच्या मागोमाग बाकीची पोरं आली. एकात्मतेवर आम्हाला परिपत्रकं कमी आली नव्हती. एवढं काम त्यातल्या एकानेही केलं नव्हतं.

सुट्टी संपून जून उजाडला, तरी दोन्ही मजल्यांवरून हालचाल नाही. शेवटी आप्पांनी पत्रे आणले, विहाराशेजारच्या वेल्डरने कंपनीतून रजा काढून सांगाडा जोडला आणि शाळा पुन्हा शाळेत आली. मग मात्र सरकारं धावली. आधी वरच्या मजल्याचे साहेब आले आणि फाटकावर योजनेचा फलक कुठे लावायचा ते बघून गेले. पाठोपाठ खालचे आले. त्यांना त्याच जागी दुसरा फलक हवा होता. छपराखाली उभे राहून दोघांनीही फोटो काढले आणि दोघांनीही बाईंना खुलासा मागितला: परवानगीशिवाय दुरुस्ती कशी केली?

"परवानगी कुनाची घ्यायची, तेवढं दोघांत ठरवा," बाई म्हणाल्या. "मी लगेच घेते."

ते काही ठरलं नाही. बाईंची बदली तेवढी ठरली, तीही तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला. ही बदली राज्याच्या अखत्यारीत की केंद्राच्या, हा प्रश्न कुणालाच पडला नाही.

आप्पा खवळले. "बाई, मोर्चा काढतो."

"नगं आप्पा. पोरांचा दिस बुडंल."

शेवटच्या दिवशीही बाईंनी शाळा सुटेपर्यंत शिकवलं. मी त्यांना गाडीवरून न्हावऱ्याच्या स्टँडवर सोडलं. एसटी लागली तशा त्या पायरीवर चढल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "सर, पयलीचा 'छ' ऱ्हायलाय. छत्री नगा घेऊ, छप्पर घ्या."

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर 'छप्पर' लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. अख्ख्या वर्गाने मान वर करून बघितलं.